वर्धापनदिनी ओझं मोजू या

१ मे हा दिवस आपल्या हिंगोली जिल्ह्यात दुहेरी सणाचा. १९६० साली याच दिवशी महाराष्ट्र राज्य झालं, आणि १९९९ साली याच दिवशी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. म्हणजे राज्याचा वर्धापनदिन आणि जिल्ह्याचाही. सकाळी झेंडावंदन होतं, पोलीस संचलन होतं, शाळेतली लेकरं कडक उन्हात रांगेत उभी राहतात, आणि मग भाषणं होतात. किती किलोमीटर रस्ते झाले, किती घरकुलं झाली, किती कोटींची कामं मंजूर झाली, पुढच्या वर्षीचा संकल्प काय. अलीकडे या भाषणांत एक नवा शब्द हटकून येतो, ‘लोककेंद्री विकास’. ऐकायला छान वाटतो. पण मैत्रिणींनो, या ‘लोक’ शब्दात आपण येतो का, आणि येत असू तर कुठे, हे कधी विचारलंय का आपण?

आधी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. जिल्हा वेगळा झाला तो माणसांसाठीच झाला. पूर्वी साध्या साध्या सरकारी कामाला परभणी गाठावी लागे. सेनगावकडच्या माणसाचा एक कागद आणण्यात दिवस मोडायचा, रोज बुडायचा, आणि साहेब भेटले नाहीत तर पुन्हा खेप. बाईमाणसाला तर हे शक्यच नव्हतं. सरकार माणसाच्या जवळ यावं, हा या जिल्ह्याच्या जन्मामागचा विचार होता. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे पावणेबारा लाखांच्या आसपास वस्ती. एवढ्याशा जिल्ह्यात सरकार लांब राहायला नको, हे रास्तच आहे.

आणि गेल्या पंचवीस वर्षांत काही झालंच नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. जिल्ह्याची कचेरी आली. २०२४ मध्ये हिंगोलीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. औंढ्याजवळ ‘लायगो’ नावाचा मोठा विज्ञान प्रकल्प मंजूर आहे. अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी तिथे टिपायच्या आहेत, आणि त्यासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अणूच्या पोटातल्या कणापेक्षाही बारीक हालचाल तिथली यंत्रं मोजणार आहेत म्हणे. वाचलं तेव्हा अभिमान वाटला. आणि लगेच मनात आलं, एवढं बारीक मोजायची अक्कल माणसाला आलीय, तर मग बाईच्या डोक्यावरच्या हंड्याचं वजन आपण अजून का मोजत नाही?

हा काही नुसता शब्दांचा खेळ नाही. सरकारी आराखड्यात तेच येतं जे मोजलं जातं. रस्ता मोजता येतो, म्हणून तो दिसतो. सभामंडप दिसतो, कमान दिसते, पाटी दिसते. बाईचा वेळ दिसत नाही, म्हणून तो फुकटचा. केंद्र सरकारनेच २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकामाला हात लावणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात, आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ८८ मिनिटं, असं त्यात आलं. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास. यात शेतातली खुरपणी, रोजंदारी, हळद काढणी धरलेली नाही, ती वेगळीच. आपल्याकडे हळदीच्या दिवसांत काढणी, शिजवणं, वाळवणं यांत बाई पहाटेपासून राबते, आणि घरी येऊन चुलीपुढे बसते ती तिची दुसरी पाळी.

आता आपल्या नरसीकडे येऊ. नरसी नामदेव हे कयाधू नदीच्या काठावरचं गाव, संत नामदेवांचं जन्मस्थान. १२७० हे त्यांचं जन्मसाल मानतात, म्हणजे २०२० मध्ये त्याला साडेसातशे वर्षं झाली. इथला हा माणूस पंढरपूरला गेला, तिथून थेट पंजाबात घुमानपर्यंत गेला. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची ६१ पदं आहेत. २०१५ साली घुमानला मराठी साहित्य संमेलन भरलं ते त्यांच्याच नात्याने. आषाढीनंतरच्या परतवारी एकादशीला नरसीत दर्शनाला किती गर्दी लोटते ते इथल्या कुणाला सांगायला नको. अशा गावासाठी तीर्थक्षेत्र विकासाच्या योजना येणारच, आणि यायलाच हव्यात. मंदिर नीट व्हावं, घाट व्हावा, भक्तनिवास व्हावा, याला कोण नाही म्हणेल?

पण नामदेवांच्या घरातली आणखी एक व्यक्ती आपण बायकांनी विसरू नये. ती म्हणजे जनाबाई. गोदावरीकाठच्या गंगाखेडची, नामदेवांच्या घरी कामाला राहिलेली. तिच्या अभंगांत विठ्ठल काय करतो हे आपल्याला पाठ आहे. तो सिंहासनावर बसून भाषण करत नाही. तो तिच्याबरोबर दळू लागतो, कांडू लागतो, पाणी भरतो, शेणी वेचतो. तिच्या कामाला हात लावतो. जनाबाईच्या लेखी देव तोच, जो ओझं वाटून घेतो. लोककेंद्री विकासाची याहून सोपी व्याख्या मला तरी सापडलेली नाही. ज्या योजनेने बाईच्या जात्याच्या खुंट्याला दुसरा हात लागला तो विकास. ज्या योजनेने नुसती पाटी लागली ती पाटी.

मग वर्धापनदिनाचे संकल्प या मापाने मोजायचे कसे? माझ्या मते हेच आपलं काम आहे.

आपल्या ग्रामपंचायतींसाठी सरकारने ध्येयं ठरवून दिलेली आहेत, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये जगासाठी १७ शाश्वत विकासाची ध्येयं ठरवली. त्यांचं गावपातळीवर सोपं रूप करून नऊ विषय पंचायतींना दिलेत. गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव, स्वच्छ आणि हरित गाव, पायाभूत सुविधांनी स्वयंपूर्ण गाव, सामाजिकदृष्ट्या सुरक्षित गाव, सुशासनयुक्त गाव आणि महिलास्नेही गाव. गावचा वार्षिक विकास आराखडा, ज्याला आपल्याकडे ‘आमचं गाव, आमचा विकास’ म्हणतात, तो याच विषयांवर करायचा असतो. म्हणजे लोककेंद्री विकास ही कुणा पुढाऱ्याने भाषणात दिलेली भेट नाही. तो कागदावर आपला हक्क आहे. अडचण एवढीच की हे नऊ शब्द भिंतीवर रंगवून झाले की काम झालं असं वाटतं. शब्दांना माप लावणं राहून जातं.

ते माप आपण लावू या. मी काही उदाहरणं देते.

‘जलसमृद्ध गाव’ म्हणजे काय? घरोघरी नळ आला, हे सरकारी उत्तर. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर झाले. पंधरा लिटरचा हंडा धरला तर अठरा हंडे. आता आपल्या घरात विचारा, एप्रिल-मे महिन्यात नळाला अठरा हंडे येतात का? किती दिवसांआड येतात? पहाटे येतात की भरदुपारी, जेव्हा बाई रानात असते? नळ किती बसवले हे कंत्राटदाराचं माप. उन्हाळ्यात किती हंडे डोक्यावरून उतरले, हे बाईचं माप.

‘स्वच्छ गाव’ म्हणजे काय? शौचालयं किती बांधली, हा झाला एक आकडा. त्यात पाणी आहे का, दार लागतं का, म्हाताऱ्या सासूला बसता येतं का, पाळीच्या दिवसांत मुलीला शाळेत सोय आहे का, हे दुसरे प्रश्न. आणि जिथे यात्रा भरते तिथे तर आणखी एक. लाखोंनी माणसं येतात त्यांत निम्म्या बायका असतात. पहाटेपासून दिंडीबरोबर चालत आलेल्या बाईला आडोसा लागतो, आंघोळीला जागा लागते, लेकराला पाजायला कोपरा लागतो. कुठल्याही तीर्थक्षेत्राचा आराखडा करताना पहिल्या पानावर हे असावं, शेवटच्या पानावर नव्हे.

‘आरोग्यदायी गाव’ म्हणजे काय? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे दोघीतली एक तरी. ‘थोडं चक्कर आल्यासारखं होतं, पण चालायचंच’ असं आपण म्हणतो ना, ते हेच. मग गावच्या आराखड्यात असा प्रश्न हवा की आशाताई आणि नर्सबाईंनी वर्षात किती जणींचं रक्त तपासलं आणि किती जणींचं वाढलं. वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्याला आलं ही आनंदाची गोष्ट, पण रक्त वाढतं ते घरच्या ताटात आणि गावच्या उपकेंद्रात.

‘बालस्नेही गाव’ म्हणजे काय? हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. त्याच पाहणीत असं दिसलं की महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या १०० बायकांपैकी जवळपास २२ जणींची लग्नं अठरा वर्षं पुरी व्हायच्या आत झालेली होती. आणि आपल्या मराठवाड्यात हे प्रमाण राज्याच्या सरासरीहून जास्त आहे. का, ते आपल्याला ठाऊक आहे. सातवीनंतर शाळा लांब. एसटीचा पास मुलींना मोफत, पण गाडी वेळेवर आली तर त्याचा उपयोग. आईबाप ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेले तर वयात आलेली लेक कुणाच्या भरवशावर ठेवायची? मग ‘उजवून टाकली की काळजी मिटली’. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ पासून आहे, १०९८ हा लेकरांसाठीचा मदतीचा फोन आहे, गावात बाल संरक्षण समिती करायची असते, ग्रामसेवकांवर, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, कायद्याने जबाबदारी आहे. पण मांडवात पोलीस आणण्याची वेळ यायच्या आधी गावाने एक साधा हिशेब ठेवावा. सातवी झालेल्या किती मुली आठवीत गेल्या? दहावीला किती टिकल्या? ज्या गळल्या त्यांची नावं काय आणि कारण काय? गावात अशा मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. त्या मोजणं अवघड नाही. आणि कारण कळलं की उपायही कळतो. कुठे गाडीची वेळ बदलून घ्यावी लागेल, कुठे वसतिगृहात प्रवेश मिळवून द्यावा लागेल, कुठे आजीला समजवावं लागेल.

आणि ‘महिलास्नेही गाव’? ग्रामपंचायतीत घरांची नोंद असते तो नमुना आठ काढून बघा. ‘घर दोघांचे’ म्हणत नवराबायको दोघांची नावं त्यावर लावायची सोय कधीची आहे. किती घरांवर बाईचं नाव आहे? गावागावात तीस-चाळीस वर्षं जे घर सारवलं, शाकारलं, त्या घराच्या कागदावर तिचं नाव नसतं, आणि नवरा गेल्यावर दीर म्हणतो, ‘वहिनी, तुम्ही बघा आता माहेरचं.’ गावातल्या किती घरांवर दोघांची नावं लागली, हा आकडा १ मेच्या भाषणात मी तरी अजून ऐकलेला नाही.

हे सगळं विचारायचं कुठे? तर १ मेलाच. त्या दिवशी साधारणपणे गावोगाव ग्रामसभा असते. आणि आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात असं आहे की प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायकांची वेगळी सभा, महिला सभा, घ्यावी लागते. बायकांना चारचौघांत, सासऱ्या-भासऱ्यांपुढे बोलायला संकोच वाटतो हे ओळखूनच ही सोय केलेली आहे. शिवाय ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. बचत गटांच्या ग्रामसंघाने आपल्या गरजांचा आराखडा करून ग्रामसभेपुढे ठेवायचीही व्यवस्था आहे. आणि वरून येणारा पैसा? २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी पंधराव्या वित्त आयोगाने पंचायतींना जो निधी दिला, त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधलेला होता. म्हणजे आपल्याच हंड्यासाठी.

कायदा आहे, पैसा आहे, मग घोडं कुठे अडतं? बचत गटांच्या कामानिमित्त आजूबाजूच्या गावांत जाते तेव्हा मी बघते. महिला सभा बऱ्याच ठिकाणी रजिस्टरमध्ये होते. शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो, ‘काकू, इथं सही करा’ म्हणतो, आणि काकू पिठाचा हात पदराला पुसून सही करतात. सभा संपली! सरपंचबाई असतात, २०११ पासून आपल्या राज्यात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, पण फोन उचलतात सरपंचबाईंचे मालक. सभा ठेवतात सकाळी दहाला, जेव्हा बाई एकतर रानात असते नाहीतर चुलीपुढे. मग म्हणायचं, ‘बायका येतच नाहीत हो.’

एका गावात मात्र आम्ही हट्टाने सभा रात्री आठला घेतली, मंदिराच्या ओट्यावर, जेवणं उरकल्यावर. पंधरा मिनिटं कुणीच बोलेना. मग साठीच्या एक आजी उठल्या. म्हणाल्या, ‘मसणवट्याला शेड झालं, लई चांगलं झालं. पण माय, मेल्यावरची सोय आधी अन् जित्यापणीची मागून, हे कसं?’ सगळ्या हसल्या, आणि मग बोलायची चढाओढ लागली. नाली कुठे तुंबते, हातपंप कधीपासून बंद आहे, अंगणवाडीचं छत कुठे गळतं, दारूचा गुत्ता कुठल्या गल्लीत आहे. तासाभरात गावचा आराखडा तयार झाला. त्यासाठी कुठला सल्लागार नेमावा लागला नाही. गावाची खडान्‌खडा माहिती बायकांकडे असते, कारण गाव पायाखाली त्याच घालतात.

‘बायकांना काय कळतं विकासातलं?’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या दोन अर्थतज्ज्ञांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या २६५ पंचायतींचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. जिथे राखीव जागेमुळे बाई प्रमुख झाली, तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं होतं, कारण बायकांच्या तक्रारींत पाणी वर होतं. याच डुफ्लोबाईंना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. केरळने १९९६ मध्ये लोकांनी नियोजन करायची मोहीम काढली, तेव्हा योजनेच्या पैशातला दहावा हिस्सा बायकांच्या कामांसाठी वेगळा ठेवायला सांगितलं होतं. म्हणजे आपण काही जगावेगळं मागत नाही.

आणि गाव मनावर घेईल तर काय होतं हे आपल्या महाराष्ट्रानेच दाखवलंय. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. २०२२ च्या मे महिन्यात तिथे ठराव झाला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद. त्या ठरावाची दखल घेऊन राज्य सरकारने बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये संध्याकाळी भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, लेकरं अभ्यासाला. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद गावात मांडून कुठलं पीक घ्यायचं ते ठरवायला सुरुवात केली. यातल्या एकाही कामाला कोटी रुपये लागले नाहीत. गाव करील ते राव काय करील, म्हणतात ते खोटं नाही.

काही मैत्रिणी म्हणतात, ‘जाऊ द्या ना ताई, जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीचे पंधराशे देऊ केले, २०२३ पासून एसटीला अर्धं तिकीट केलं. आणखी किती मागायचं?’ हे दोन्ही चांगलंच आहे. हातात स्वतःचा पैसा असण्याची किंमत मला ठाऊक आहे. औषधाला, वहीला, माहेरी जायला बाईला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. पण खात्यात आलेल्या पैशाने गावचा नळ दुरुस्त होत नाही. बंद उपकेंद्र उघडत नाही. आठवीतून काढलेली मुलगी शाळेत परत जात नाही. एकटीच्या पर्समधून जे होणार नाही तेच सगळ्यांनी मिळून पंचायतीकडून करून घ्यायचं असतं. पैसा घ्यावा आणि प्रश्नही विचारावा. एक घेतलं म्हणून दुसरं सोडायचं कारण नाही.

दुसरी बाजूही बघायला हवी. ग्रामपंचायतीचं उत्पन्न थोडं, घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली, वीजबिल भरायला पैसे नाहीत म्हणून मोटार बंद, असं चित्र खूप गावांत आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तेव्हा मागणाऱ्याने आपली पट्टीही भरली पाहिजे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावाने पट्टी भरणाऱ्याला दळण फुकट दळून द्यायची पद्धत काढली, आणि वसुली वाढवली. बघा, तिथेही दळणच आलं! बाईच्या रोजच्या ओझ्याला हात लावला की घर आपोआप गावाच्या बाजूने उभं राहतं.

शहरात राहणाऱ्या मैत्रिणींनी हे खेड्यापुरतं समजू नये. हिंगोली, वसमत, कळमनुरीला नगरपरिषदा आहेत, औंढा आणि सेनगावला नगरपंचायती. त्याही आपापल्या वर्धापनदिनाला, अर्थसंकल्पाला संकल्प सोडतातच. तिथे महिला आणि बालकल्याण समिती असते. आपल्या प्रभागाच्या नगरसेविकेला विचारा, त्या समितीची बैठक कधी झाली, पैसा कशावर गेला? शिवणयंत्रं वाटून फोटो काढण्यावर, की बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह बांधण्यावर? आठवडी बाजारात भाजी विकणारी बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाही, कारण जायला जागा नाही. तिच्या तहानेएवढं चोख माप शहराच्या विकासाला दुसरं नसेल.

तेव्हा माझी सूचना अगदी साधी आहे. येत्या १ मेला भाषणं झाल्यावर ग्रामसभेत एक फळा ठेवावा. त्यावर तीन रकाने काढावेत. गेल्या वर्षी काय ठरलं, त्यातलं काय झालं, काय राहिलं आणि का राहिलं. सरपंचांनी, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवावं. कुणाची फजिती करायला नाही. राहिलेलं काम का राहिलं हे कळलं तर गावही हात लावेल. ‘का’चा रकाना मात्र मोकळा सोडायचा नाही.

आणि त्याआधी, दोन-चार दिवस अलीकडे, महिला सभा खरीखुरी व्हावी. सही करायला रजिस्टर घरी आलं तर हसून सांगा, ‘भाऊ, सभा कधी आहे ते सांगा, तिथं येऊन सही करते.’ एवढ्या एका वाक्याने अर्धं काम होतं. वेळ आपल्या सोयीची मागा, रात्री आठची. सुनेला घेऊन या, दहावीतल्या लेकीलाही आणा. बोलू द्या तिला. पाच मागण्या ठरवा, पन्नास नकोत. प्रत्येक मागणीपुढे माप लिहा. ‘पाण्याची सोय करा’ असं मोघम नको. ‘मे महिन्यात वरच्या गल्लीत रोज घरटी अठरा हंडे’ असं लिहा. ‘मुलींच्या शिक्षणाकडे लक्ष द्या’ नको. ‘गेल्या वर्षी आठवीतून गळालेल्या मुली जूनमध्ये शाळेत परत’ असं लिहा. ठराव इतिवृत्तात उतरला का ते वाचून घ्या, आणि त्याची एक प्रत आपल्या बचत गटाच्या पेटीत ठेवा. पुढच्या १ मेला तीच प्रत बाहेर काढायची.

पुढच्या वर्षी जेव्हा कुणी माईकवरून लोककेंद्री विकासाची ध्येयं वाचून दाखवील, तेव्हा आपल्या हातात आपलं माप असलं पाहिजे. किती हंडे उतरले, किती लेकी शाळेत टिकल्या, किती जणींचं रक्त वाढलं, किती घरांवर बाईचं नाव लागलं. चार आकडे, बास. ते आकडे सांगायला सरकारी पाहणीची वाट बघू नका. गल्लीगल्लीतून दोन जणींनी फिरून ते काढता येतात. लिहायला वही लागते एक, आणि ती आपल्याकडे आहेच.